शिवेवरची दोन वर्षं

आदिलाबादहून निघून कोरपना, गडचांदूर, राजुरा, बल्लारपूर असा चंद्रपूरला जाणारा रस्ता चैत्रात ओळखू येत नाही. एरवी त्यावर सिमेंटचे ट्रक धावतात, हंगामात कापसाच्या गाड्या असतात. पाडवा झाला की या गर्दीत माणसांनी गच्च भरलेले टेम्पो आणि ट्रॅक्टर दिसू लागतात. नांदेड, हिंगोली, परभणीकडची ही मंडळी चंद्रपूरच्या महाकालीला निघालेली असतात. गोंड राणी हिराईने बांधलेल्या या देवळाची यात्रा चैत्र षष्ठीला सुरू होते आणि पौर्णिमेला तिचा कळस होतो. झरपट नदीत आंघोळ, मग दर्शन, मग परतीची वाट. रस्त्याकाठच्या गावांना या यात्रेकरूंची सवय आहे. कुणी पाणी देतं, कुणी सावलीला जागा देतं, कुणी चार पैसे कमावतं.

२०२० मध्ये पाडवा २५ मार्चला आला. कोरोनाची देशभरची टाळेबंदीही त्याच दिवशी सुरू झाली. गुढ्या उभ्या राहिल्या, पण कडुनिंबाची पानं शेजाऱ्याकडून मागून आणायचीही चोरी झाली. पुढच्या पंधरा दिवसांत महाकालीची यात्रा व्हायची होती, ती झाली नाही. पुढच्या वर्षीही झाली नाही. सलग दोन चैत्र हा रस्ता देवीच्या माणसांशिवाय गेला.

महामारीचा इतिहास सांगताना आपण बहुधा शहरापासून सुरुवात करतो. तिथली रुग्णालयं, प्राणवायूची टंचाई, गच्चीवरून वाजवलेल्या थाळ्या आपल्याला आधी आठवतात. थाळ्या गडचांदूरलाही वाजल्या, २२ मार्चला संध्याकाळी पाच वाजता, बाकी देशाबरोबरच. पण या मुलखाचं खरं नुकसान दुसरीकडे झालं. इथलं जगणं येण्याजाण्यावर उभं आहे. देव एका राज्यात तर भक्त दुसऱ्यात, मजुरी एकीकडे तर घर दुसरीकडे, मुलगी या पहाडावर तर तिचं सासर त्या पहाडावर. साथीने माणसं आजारी पाडली, तशी प्रशासनाने शीव पक्की केली. लोकांनी ती शीव मनातून कधी मानलेलीच नव्हती.

तिची गोष्ट जुनी आहे. आज गडचांदूर चंद्रपूर जिल्ह्यातल्या कोरपना तालुक्यात आहे, पण हा सगळा राजुऱ्याचा पट्टा एकेकाळी निजामाच्या राज्यात, आदिलाबाद जिल्ह्यात होता. वर्धा नदीच्या पलीकडे इंग्रजांचा चांदा जिल्हा आणि अलीकडे मोगलाई. बाजाराला, वैद्याला, सोयऱ्यांकडे जाताना लोक नदी ओलांडून एका राज्यातून दुसऱ्यात जात आणि संध्याकाळी परत येत. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची फेररचना झाली तेव्हा राजुरा मुंबई राज्यात आला, तोही आधी नांदेड जिल्ह्यात. चांदा जिल्ह्याला तो जोडला गेला १९५९ मध्ये. म्हणजे एका पिढीने घर न सोडता तीन जिल्हे पाहिले. (राज्यांच्या फेररचनेच्या पंधरवडाभर आधी, १६ ऑक्टोबर १९५६ ला, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चंद्रपुरात येऊन धम्मदीक्षा दिली होती. त्या दीक्षाभूमीवरचा ऑक्टोबरातला सोहळाही २०२० मध्ये जाहीरपणे झाला नाही. लोकांनी घरातच वंदना घेतली.)

या जुन्या सीमेचा एक गमतीदार अवशेष थेट महामारीच्या कायद्यात सापडतो. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्र सरकारने १८९७ चा साथरोग प्रतिबंधक कायदा लागू केला. मुंबईतल्या प्लेगसाठी इंग्रजांनी केलेला हा कायदा. त्याच्या पहिल्याच कलमात लिहिलं होतं, की तो संपूर्ण भारताला लागू आहे, मात्र १ नोव्हेंबर १९५६ च्या लगेच आधी जे प्रदेश ‘ब’ वर्गाच्या राज्यांत होते ते सोडून. हैदराबाद हे ‘ब’ वर्गाचं राज्य होतं. केंद्राच्या त्या मजकुरापुरतं बोलायचं तर गडचांदूर, कोरपना, जिवती, राजुरा हे सारे या कायद्याच्या बाहेर आणि चंद्रपूर आत! २२ एप्रिल २०२० च्या अध्यादेशाने ते शब्द वगळले गेले. डॉक्टर-परिचारिकांवर हल्ला करणाऱ्यांना कडक शिक्षा देण्यासाठी निघालेला तो अध्यादेश लक्षात राहिला तो त्या तरतुदीसाठी, या दुरुस्तीकडे फारसं कुणी पाहिलं नाही. पाहायचं कारणही नव्हतं म्हणा. २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा हाताशी होता आणि चौकात उभ्या पोलिसाला ‘ब’ वर्गाचं राज्य म्हणजे काय, हे विचारण्याची कुणाची हिंमत नव्हती. तरीही निजामाची रेघ चौसष्ट वर्षांनी एका साथीच्या निमित्ताने पुसली जावी, याची मला मौज वाटते.

याआधीची मोठी साथ १९१८ ची. म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात ती मानमोडी म्हणून यायची. त्या वर्षी पाऊसही दगा देऊन गेला होता. ताप आणि भूक एकाच वेळी दारात आली. मध्य प्रांत हा देशातल्या सर्वाधिक होरपळलेल्या प्रांतांपैकी एक. नदीच्या अलीकडचं निजामी राज्यही सुटलं नाही. १९११ ते १९२१ या दशकात हैदराबाद संस्थानची लोकसंख्या वाढायच्या ऐवजी पावणेसात टक्क्यांच्या आसपास घटली. ती साथ रेल्वेने आणि परतणाऱ्या सैनिकांबरोबर पसरली. पण तिला अडवायला नदीवर कुणी उभं नव्हतं. लोक येत-जात राहिले, मरतही राहिले. शंभर वर्षांनी उलटं घडलं. आधी येणं-जाणं थांबलं, आजार पुष्कळ नंतर आला.

किती नंतर, हे आज विसरायला झालं आहे. चंद्रपूर शहरात पहिला रुग्ण सापडला तो २ मे २०२० ला, म्हणजे टाळेबंदीच्या पाच आठवड्यांनी. शेजारचा गडचिरोली जिल्हा तर मे महिन्याच्या मध्यापर्यंत कोरा होता. केंद्राने जिल्ह्यांना रंग वाटले तेव्हा तो हिरव्या रंगात होता. पण रंग हिरवा असो की नारिंगी, बंदी तर सगळीकडेच होती. गावात एकही रुग्ण नसताना गावाबाहेर पाऊल टाकायचं नाही, हे समजून घ्यायला लोकांना वेळ लागला. आणि एकदा समजल्यावर त्यांनी ते प्रशासनापेक्षाही कडक केलं.

गावोगाव शिवेवर बांबू आडवे पडले, काटेरी फांद्या आल्या, कुठे जुनी बंडी आडवी लावली गेली. बाहेरच्याने आत यायचं नाही अशा पाट्या लागल्या. शहरातून आलेल्या पत्रकारांना हा अडाणीपणा वाटला, काहींना शिस्त वाटली. माणिकगडच्या पहाडावरच्या माणसाला मात्र त्यात नवं असं फारसं नव्हतं. कोलामांमध्ये गाव बांधण्याची रीत आहे. शिवेवर पूजा करायची, रोगराईला आणि अरिष्टाला गावाबाहेर थोपवायचं, आणि तेवढा वेळ कुणी आत यायचं नाही, कुणी बाहेर जायचं नाही. गोंडांच्या गावांतही या कामाचा मान कोलाम पुजाऱ्याचा असतो. हैमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञाने १९४० च्या दशकात आदिलाबादच्या राजगोंडांमध्ये राहून जे लिहिलं, त्यात गोंड आणि कोलाम यांचं हे नातं नोंदलेलं आहे. राजुरा तेव्हा त्याच जिल्ह्यात होता.

फरक एवढाच, की गाव बांधताना ते कधी सोडायचं हेही ठरलेलं असतं. मुदत संपली की वाट मोकळी होते, आणि बंदी पाळली म्हणून सगळे मिळून जेवतात. २०२० च्या बंदीला अशी मुदत नव्हती. आधी एकवीस दिवस सांगितले, मग ३ मे, मग १७ मे, मग ३१ मे. बांधणारा दूर मुंबईला आणि दिल्लीला, त्याला सोडायची वेळ माहीत नाही. परंपरा मोडली म्हणतात ती खरी इथे. बंदी लोकांना ओळखीची होती. बंदीचा शेवट ठरवण्याचा त्यांचा हक्क मात्र गेला.

आणि या बंद शिवेवर सगळ्यात आधी येऊन थडकली ती आपलीच माणसं. चंद्रपूर-गडचिरोलीच्या धानपट्ट्यात धान निघाला की हाताला काम उरत नाही. मग गोंडपिपरी, मूल, सावली, सिंदेवाही अशा तालुक्यांतली हजारो माणसं, त्यात बायका अधिक, मिरची तोडायला तेलंगणात जातात. वरंगल, खम्मम, मुलुगूच्या शेतांत दोन-तीन महिने काढायचे, पावसाळ्यापुरता पैसा आणि वर्षाची मिरची घेऊन परतायचं. टाळेबंदी लागली ती नेमकी तोडणी उरकत असताना. शेतमालकाचं काम संपलेलं, गाड्या बंद, हातात मजुरीचे थोडे पैसे. काही जण तिथेच अडकून राहिले, बाकीचे चालत निघाले. जंगलातून, रेल्वेच्या रुळावरून, प्राणहितेवर मिळेल तिथे डोंग्यातून. मुलुगूच्याच मिरचीच्या शेतांतून छत्तीसगडच्या बिजापूरकडे पायी निघालेली बारा वर्षांची एक मुलगी १८ एप्रिलला घर थोड्याच अंतरावर राहिलं असताना वाटेत मेली. ती आपल्या जिल्ह्याची नव्हती, पण वाट तीच होती आणि कामही तेच.

देशातली पहिली श्रमिक विशेष रेल्वेगाडी १ मे ला तेलंगणातल्याच लिंगमपल्लीहून सुटली, झारखंडच्या हटियाकडे. चंद्रपूर-गडचिरोलीच्या मजुरांना त्या गाडीचा काय उपयोग? त्यांचं अंतर रेल्वेने नेण्याइतकं लांब नव्हतं आणि चालण्याइतकं जवळही नव्हतं. पोचलेल्यांना गावात थेट प्रवेश नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत चौदा दिवस, शाळा भरलेली असेल तर शेतातल्या झोपडीत किंवा झाडाखाली. घरचं माणूस डबा ठेवून दूर उभं राहायचं. एरवी मिरची तोडून आलेल्यांच्या परतण्याने गावात सण होतो, कारण पैसा येतो, लग्नं ठरतात. त्या वर्षी लोक त्यांच्याकडे चोराकडे पाहावं तसे पाहत होते.

जिवतीच्या पहाडावर दोन राज्यांच्या दाव्यातली चौदा गावं आहेत. महाराष्ट्र म्हणतो आमची, तेलंगणा म्हणतो आमची. तिथल्या बऱ्याच घरांत दोन्ही राज्यांची शिधापत्रिका असते, आणि मतदान दोन्हीकडे होतं. बाहेरच्यांना ही लबाडी वाटते. त्यांनी एकदा तिथे राहून पाहावं, मग कळेल की दोन सरकारं मिळूनही एक धड रस्ता का होत नाही. एप्रिल २०२० मध्ये तेलंगणाने प्रत्येक माणसामागे बारा किलो तांदूळ आणि कार्डामागे पंधराशे रुपये दिले. इकडे केंद्राच्या योजनेतून माणसामागे महिन्याला पाच किलो धान्य मोफत मिळायचं होतं. सीमेवरच्या माणसाची दोन दगडांवर पाय ठेवण्याची जुनी युक्ती त्या उन्हाळ्यात शहाणपणाची ठरली. पण त्याच सीमेवर पोलिसांची चौकीही बसली. दोन राज्यांचा नागरिक असलेल्याला एका राज्यातून दुसऱ्यात जायला पास लागू लागला.

याच पहाडांच्या पलीकडे, महाराजगुड्याजवळ, जंगुबाईची गुहा आहे. पौष महिन्यात महाराष्ट्र आणि तेलंगणा दोन्हींकडचे गोंड बांधव तिथे येतात. तिथे कुणी कुणाला जिल्हा विचारत नाही, विचारतात ते कूळ आणि देव. तीच गोष्ट दिवाळीतल्या दंडारीची. मोरपिसांचा टोप घालून, ढोल वाजवत एका गावची मंडळी दुसऱ्या गावी पाहुणी जाते, नाचते, जेवते, मुक्काम करते. या मुक्कामांतून सोयरिकी जुळतात, जुनी भांडणं मिटतात. दंडार आपल्याच गावात नाचून भागत नाही, तिला पाहुणचार लागतो. ‘घरीच राहून सण साजरा करा’ हा आदेश गणपतीला लागू करता येतो. त्या वर्षी सार्वजनिक मूर्तीला चार फूट आणि घरच्या मूर्तीला दोन फूट उंचीची मर्यादा ठरली, ती पाळता आली. पोळ्याचे बैल तोरणाखाली न नेता गोठ्यात पुजता आले. पण जो सण म्हणजेच दुसऱ्याच्या घरी जाणं, तो घरी राहून कसा करणार? आदेश काढणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर हा सण नव्हता, एवढंच त्याचं उत्तर.

झाडीपट्टीच्या नाटकांचं असंच झालं. हा मुलूख गडचांदूरचा नव्हे, पूर्वेकडचा, वैनगंगेच्या काठचा. देसाईगंज म्हणजे वडसा हे त्याचं केंद्र. दिवाळीनंतर मंडईच्या जत्रा आणि बैलांचे शंकरपट भरतात, रात्री शेतात मांडव पडतो आणि नाटक पहाटेपर्यंत चालतं. प्रत्येक घरी पाहुणे, प्रत्येक घरी कोंबड्याचं जेवण. नोव्हेंबर २०२० मध्ये सरकारने नाट्यगृहं निम्म्या क्षमतेने उघडायला परवानगी दिली. शेतातल्या मांडवाची निम्मी क्षमता किती, हे मोजायचं कसं, हा प्रश्न वडशाच्या कंपन्यांना पडला. हंगाम जवळजवळ वाया गेला. नट शेतावर मजुरीला गेले, नेपथ्यवाले आणि वादक जमेल ते काम करू लागले.

टाळेबंदीचा एक आदेश मात्र जंगलाने मानला नाही. मार्च-एप्रिलमध्ये मोह गळतो. पहाटे अंधारात उठून झाडाखाली जावं लागतं, नाहीतर रानडुकरं आणि हरणं फुलं खातात. मोह वेचायला लोक गेले, पण घेणारा व्यापारी येईना. मग तेंदूचा हंगाम आला आणि गडचिरोलीतल्या ग्रामसभांच्या लिलावांना पुरेसे खरेदीदार मिळाले नाहीत. राजुऱ्याच्या जंगलात तर ‘घराबाहेर पडू नका’ असं सांगणारा आणखी एक जण होता. आरटी-१ या नावाने वनखात्याच्या नोंदीत असलेल्या वाघाने राजुरा आणि विरूर भागात दीड-पावणेदोन वर्षांत किमान आठ माणसं मारली होती. कापूस वेचणारे, गुरं चारणारे, सरपण आणणारे लोक त्याचे बळी होते. ऑक्टोबर २०२० च्या अखेरीस तो पिंजऱ्यात सापडला आणि नागपूरच्या गोरेवाड्याला गेला. त्या वर्षी राजुरा तालुक्यात विषाणूचं नाव निघालं की लोक मान डोलवायचे, आणि वाघाचं नाव निघालं की उठून दार लावायचे.

गडचांदूर गावात मात्र बदल दिसला तो आकाशात. १९८० च्या दशकात इथे आणि आवारपूरला सिमेंटचे कारखाने आले, पुढे उपरवाहीला आला. चुनखडीच्या खाणी, कारखान्यांच्या वसाहती, बिहार-उत्तर प्रदेश-छत्तीसगडहून आलेले कंत्राटी कामगार, आंध्रातले हॉटेलवाले, यांनी एका खेड्याचं नगर झालं आणि २०१४ मध्ये नगर परिषद झाली. एप्रिल २०२० मध्ये देशाचं सिमेंट उत्पादन आदल्या वर्षीच्या तुलनेत ऐंशी टक्क्यांहून अधिक घसरलं. भट्ट्या थंड झाल्या. अंगणात वाळत घातलेल्या कपड्यांवर, पापडांवर बसणारी राखाडी पूड काही आठवडे बसली नाही आणि माणिकगडचा डोंगर सकाळी स्वच्छ दिसला. पण त्या स्वच्छ हवेचं कौतुक करायला पोटाला आधार लागतो. पगारी कामगाराला तो थोडाफार होता. कंत्राटी मजुराला, पंक्चरवाल्याला, ट्रकवाल्यांच्या जिवावर चालणाऱ्या धाब्याला नव्हता. भट्टी पुन्हा पेटली तेव्हा गावाने सुटकेचा श्वास सोडला, तोही त्याच धुळीत.

शेतकऱ्याच्या घरात त्या वेळी कापूस पडून होता. राजुरा-कोरपन्याची काळी माती कापसाची. हमीभाव लांब धाग्याला ५,५५० रुपये क्विंटल, पण खरेदी मार्चअखेर थांबली. सुरू झाली तेव्हा नोंदणी करून, रोज मोजक्याच गाड्या घेऊन. खोलीभर कापूस आणि त्यावरच झोपणारी माणसं, कापसाने अंगाला सुटलेली खाज, उन्हाळ्यात आगीची धास्ती, अशी कित्येक घरं पेरणीपर्यंत राहिली. खाजगी व्यापाऱ्याने अर्थातच त्याचा फायदा घेतला. गरजूने चार हजारांच्या आतबाहेर दिला आणि बियाणं आणलं.

शाळांबद्दल थोडक्यात सांगतो, कारण ते सगळ्या महाराष्ट्रात सारखंच घडलं. २३ मार्चचा दहावीचा भूगोलाचा पेपर झालाच नाही, इतर विषयांच्या सरासरीने गुण दिले गेले. पुढच्या वर्षी तर परीक्षाच रद्द झाली आणि निकाल लागला ९९.९५ टक्के. ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ ही घोषणा जिवतीच्या पहाडावर पोचली तेव्हा तिथे मोबाइलची रेंज नव्हती. ज्या मुलांच्या आईवडिलांकडे साधा फोन, त्यांच्यासाठी काही शिक्षक पाड्यावर जाऊन झाडाखाली वर्ग घेत. पहिली ते चौथीची ग्रामीण शाळा पूर्ण उघडली ती १ डिसेंबर २०२१ ला. जी मुलं जून २०२० मध्ये पहिलीत गेली, त्यांनी वर्ग पाहिला तो दुसरीत. कोलामी आणि गोंडी बोलणाऱ्या मुलांसाठी शाळा ही मराठी कानावर पडण्याची मुख्य जागा. त्यांचं किती गेलं, याचा हिशोब निकालाच्या टक्केवारीत येत नाही.

लग्नं आणि तेरवी यांत बदल झाले आणि त्यातले काही टिकले. पूर्वी इकडे लग्न म्हणजे दोन-तीन गावांना निमंत्रण, बुंदी-वरण-भाताच्या पंगती, रात्रभर मांडवात गर्दी. आधी पन्नास माणसांची मर्यादा आली. एप्रिल २०२१ मध्ये पंचवीस माणसं, दोन तासांत सगळं उरकायचं आणि मोडल्यास पन्नास हजार दंड. कर्ज काढून लग्न करणाऱ्या बापाने मनातल्या मनात सरकारचे आभार मानले. हे उघड बोलायला कुणी तयार नसायचं, पण सगळ्यांना माहीत होतं. लग्नपत्रिका फोनवर पाठवली की आमंत्रण पोचलं, हे त्या काळात मान्य झालं ते कायमचं. निर्बंध उठल्यावर पंगती मात्र परत आल्या, आणि पूर्वीपेक्षा मोठ्या, जणू दोन वर्षांची थकबाकी फेडायची होती. तेरवीचं उलटं झालं. अंत्यविधीला वीस माणसं, दहाव्याला घरचीच. दुःखात माणसं न येणं हे इथे अपमानासारखं असतं. कुणी आलं नाही म्हणून दोन भावांमध्ये अबोला झाला, असं कानावर येई. या प्रथेत काटकसर आली असं म्हणणाऱ्यांनी ते तेव्हा शोकाकुल घरात बसून म्हणून दाखवायला हवं होतं.

दारूचीही एक गोष्ट याच दोन वर्षांतली. चंद्रपूर जिल्ह्यात १ एप्रिल २०१५ पासून दारूबंदी होती. तिच्यामागे बायकांचं मोठं आंदोलन होतं. डिसेंबर २०१० मध्ये चिमूरहून पायी निघालेल्या बायका नागपूरच्या विधिमंडळावर धडकल्या होत्या. बंदीच्या काळात दारू मिळत होती, ती सीमेपलीकडून यायची, महाग मिळायची, हे खरं. पण २७ मे २०२१ ला मंत्रिमंडळाने ही बंदी उठवली तेव्हा दुसऱ्या लाटेतली तेरवीही झाली नव्हती अशी घरं जिल्ह्यात होती. सभा नाही, मोर्चा नाही, जमावबंदी. विरोध करायला रस्त्यावर यायची सोयच नव्हती. जुलैच्या सुरुवातीला दुकानं उघडली. बंदी असावी की नसावी यावर मतं वेगळी असू शकतात. पण जी बंदी हजारो बायकांनी चालत जाऊन मिळवली, ती उठवण्यासाठी लोकांना घराबाहेर पडता येत नाही असा महिना निवडावा, हे मला आजही पटत नाही.

दुसरी लाट आली तेव्हा शीव पुन्हा आडवी आली, या वेळी आजाऱ्याच्या. इथलं दुखणं जुन्या सवयीने आदिलाबाद, मंचेरियल, करीमनगर, हैदराबादकडे धाव घेतं. गडचांदूर-कोरपन्याच्या ग्रामीण रुग्णालयांत अतिदक्षतेची सोय नव्हती, चंद्रपुरात खाट नव्हती. एप्रिलच्या मध्यावर चंद्रपूरच्या एका मुलाची कहाणी देशभरच्या वाहिन्यांवर आली. वडिलांना गाडीत घालून तो वरोरा, चंद्रपूर असं फिरला, मध्यरात्री सीमा ओलांडून तेलंगणात गेला, तिथेही खाट मिळाली नाही, सकाळी परत चंद्रपुरात. एक तर खाट द्या नाहीतर मरणाचं इंजेक्शन द्या, अशा अर्थाचं तो कॅमेऱ्यासमोर बोलला. पुढच्या महिन्यात तेलंगणाने बाहेरून येणाऱ्या रुग्णवाहिकाच सीमेवर अडवायला सुरुवात केली आणि प्रकरण तिथल्या उच्च न्यायालयात गेलं. पिढ्यानपिढ्या जी वाट दवाखान्याची होती, ती कागदाअभावी बंद झाली.

लस आली तेव्हा पाड्यांवर तिची भीती होती. गावात आलेली गाडी पाहून लोक शेतात निघून जात. अफवा मोबाइलवरून आली, विश्वास मात्र आशाताईंच्या पायांनी आला. घरोघरी जाऊन ताप मोजणाऱ्या या बायकांना जून २०२१ मध्ये मानधनासाठी संप करावा लागला. टाळ्या त्यांच्यासाठीही वाजल्या होत्या.

महाराष्ट्राने १ एप्रिल २०२२ ला निर्बंध पूर्ण उठवले. दुसऱ्या दिवशी पाडवा होता. महाकालीची यात्रा दोन वर्षांनी भरली, पण एसटी धावत नव्हती. राज्य सरकारमध्ये विलीनीकरणाच्या मागणीसाठी आदल्या नोव्हेंबरपासून कर्मचारी संपावर होते आणि ते कामावर परतले ते यात्रा झाल्यावर, २२ एप्रिलच्या सुमाराला. यात्रेकरू खाजगी टेम्पोंनीच आले. पहाडावरच्या गावांना मात्र आधी टाळेबंदीने, मग संपाने, अशी दोन वर्षं बस दिसली नव्हती. तेवढ्यात काळी-पिवळी आणि ऑटोवाल्यांनी वाटा धरल्या. एसटी परतली तेव्हा तिचे प्रवासी त्यांच्याकडे वळले होते, आणि ज्या म्हातारीला अर्ध्या तिकिटात राजुऱ्याला जाता यायचं तिला पूर्ण भाडं मोजायची सवय लावून घ्यावी लागली होती.

१९१८ च्या मानमोडीने किती माणसं नेली, याचा अंदाज तीन वर्षांनी झालेल्या जनगणनेवरून बांधता आला. या वेळी साथीने जनगणनाच अडवली. १८८१ पासून दर दहा वर्षांनी चुकली नाही अशी ती, २०२१ मध्ये चुकली. आता पुढची मोजणी १ मार्च २०२७ ही तारीख धरून होणार आहे. मिरची तोडायला गेलेली माणसं त्या तारखेला बहुधा तेलंगणात असतील, आणि जिवतीच्या त्या चौदा गावांत कोणत्या राज्याचा प्रगणक आधी पोचतो, ते मला पाहायचं आहे.